मान डोलावली म्हणजे समजलं असं नाही: स्थलांतरित आणि अल्पसंख्य कामगारांची सुरक्षा, कामाच्या क्रमाने

साईटवर नवी तुकडी येते. सुपरवायझर दहा मिनिटांत सुरक्षेच्या सूचना वाचून दाखवतो आणि शेवटी विचारतो, "समजलं ना?" सगळ्या माना डोलतात, रजिस्टरवर सह्या आणि अंगठे उमटतात, कागदोपत्री प्रशिक्षण पार पडतं. भाषेचा एक शब्दही न कळलेला माणूस मान डोलावतोच, कारण "नाही" म्हटलं तर उद्या कामावर घेतील की नाही, ही धास्ती त्याला असते. दलालाचं कर्ज डोक्यावर, व्हिसा मालकाच्या नावावर, राहायची खोली ठेकेदाराची. अशा माणसाला प्रश्न विचारणं परवडत नाही.

परदेशातून किंवा दुसऱ्या प्रांतातून आलेले आणि वंश, धर्म, भाषा यांमुळे संख्येने थोडे असलेले कामगार यांच्या बाबतीत यंत्रं, रसायनं, उंची हे धोके इतरांसारखेच असतात. वेगळी असते ती ही धास्ती. सुपरवायझर, सेफ्टी ऑफिसर किंवा मुकादम म्हणून नव्याने जबाबदारी घेणाऱ्यांनी पुढची कामं शक्यतो याच क्रमाने करावीत.

१. आधी कोण काय करतंय ते कागदावर मांडा

एक साधा तक्ता करा. नाव, बोलण्याची भाषा, वाचता येणारी लिपी, पगार कोण देतं (कंपनी, ठेकेदार की पोटठेकेदार), रुजू होऊन किती दिवस झाले, नेमकं काम कोणतं, पाळी कोणती. पोटठेकेदाराची माणसं यातून हटकून सुटतात. "ती आमच्याकडची नाहीत" हे उत्तर स्वीकारू नका. फाटकातून आत आलेलं प्रत्येक माणूस या यादीत हवं.

बोलण्याची भाषा आणि वाचण्याची लिपी हे दोन रकाने वेगळे ठेवा. एखादी भाषा अस्खलित बोलणाऱ्या माणसाला तिची लिपी वाचता येत नाही, असं सर्रास दिसतं. "वाचता येतं का?" असं चारचौघांत विचारलं तर लाजेपोटी होकार मिळतो. त्यापेक्षा तीन-चार लिप्यांत छापलेली कार्डं पुढे करा आणि "यातलं कोणतं देऊ?" असं विचारा.

तक्ता भरला की तो उभा वाचा. सगळ्यात जास्त धूळ, सगळ्यात जास्त उष्णता, रात्रपाळी आणि टाक्या साफ करण्याची कामं एकाच गटाच्या वाट्याला आली आहेत का? अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियामध्ये १९३० साली हॉक्स नेस्ट बोगद्याचं काम सुरू झालं. खडकात सिलिकाचं प्रमाण फार होतं, पाणी न मारता कोरडंच ड्रिलिंग चाललं, आणि आत काम करणारे बहुसंख्य मजूर कामाच्या शोधात आलेले कृष्णवर्णीय होते. सिलिकोसिसने, म्हणजे सिलिकाची धूळ फुप्फुसात साचून होणाऱ्या आजाराने, शेकडो माणसं गेली. तिथे धूळ होती हा निम्मा भाग झाला. त्या धुळीत कोणाला उभं करायचं हे कोणीतरी ठरवलं होतं, हा उरलेला निम्मा. तुमच्या तक्त्यात तसंच चित्र दिसलं तर पाळ्या फिरवा. पण नुसतं फिरवून धूळ कमी होत नाही. कापताना पाणी मारणं आणि हत्यारालाच धूळ ओढणारा व्हॅक्यूम जोडणं हे त्याआधी यायला हवं.

२. दुभाषा कोण, हे विचार करून ठरवा

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात वाईट निवड म्हणजे मुकादम. ज्याच्या हातात हजेरी आहे त्याच्यासमोर कामगार अडचण सांगणार नाही, आणि मुकादमही मालकाला न रुचणारं वाक्य गाळून भाषांतर करेल. घरातल्या मुलांना दुभाषा करू नका. कामगारांमधल्याच कोणाला निवडायचं असेल तर त्याला त्या वेळेची मजुरी द्या, आणि ज्यांच्यासाठी तो बोलणार आहे त्यांना तो चालतो का, हे त्याच्या मागे विचारा. एकाच देशातून आलेली माणसं एकच भाषा बोलतात असंही धरून चालू नका.

बोलताना एका वाक्यात एकच सूचना ठेवा. "काळजी घ्या", "योग्य अंतर ठेवा" असल्या वाक्यांचं भाषांतर होतं, पण त्यातून करायचं काय ते कळत नाही. "या पिवळ्या रेषेच्या आत पाय टाकू नका" हे कळतं. लेखी सूचना असेल तर एकाकडून भाषांतर करून घ्या आणि मूळ मजकूर न पाहिलेल्या दुसऱ्याकडून ते उलट फिरवून घ्या. "झडप उघडी ठेवू नका" परत येताना "झडप उघडी ठेवा" झालेली असेल तर ते इथेच सापडेल.

चित्रं भाषेची गरज संपवतात, हा गैरसमज आहे. रसायनांच्या डब्यांवर लाल चौकटीतली नऊ चिन्हं जगभर चालतात. कवटी सगळे ओळखतात. छातीवर तारा फुटल्यासारखं दिसणाऱ्या माणसाच्या चिन्हाचा अर्थ मात्र शिकवावा लागतो. ते कर्करोग, श्वसनाची ॲलर्जी, अवयवांची हानी अशा सावकाश होणाऱ्या अपायांचं चिन्ह आहे. फलकांचे रंग आणि आकारही शिकवा: लाल वर्तुळ आणि तिरकी रेघ म्हणजे मनाई, निळं वर्तुळ म्हणजे हे केलंच पाहिजे, पिवळा त्रिकोण म्हणजे धोका, हिरवा आयत म्हणजे सुटकेची वाट किंवा प्रथमोपचार. आणि एक नियम अपवादाशिवाय: रसायन मूळ डब्यातून पाण्याच्या बाटलीत ओतायचं नाही. लेबल वाचू न शकणाऱ्याला बाटलीचा आकारच लेबल असतो.

अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेने २०१० मध्ये स्पष्ट केलं की प्रशिक्षण कामगाराला समजेल अशा भाषेत आणि शब्दांत दिलं तरच ते दिलं असं धरलं जाईल. नुसती सही पुरणार नाही. तुमच्याकडचा कायदा काहीही म्हणो, मोजमाप हेच ठेवा.

३. "समजलं का?" हा प्रश्नच टाका

त्याऐवजी "करून दाखवा" म्हणा. हार्नेसचं, म्हणजे उंचीवरून पडताना माणसाला धरून ठेवणाऱ्या अंगावरच्या पट्ट्यांचं, उदाहरण घ्या. दाखवणाऱ्याने एकदा सावकाश घालून दाखवावा, मग प्रत्येकाने घालावा आणि तिसऱ्या वेळी कामगारानेच नव्या माणसाला शिकवावा. तिसऱ्या फेरीत चुका उघड्या पडतात. मांडीचे पट्टे सैल राहतात, छातीचा पट्टा गळ्यापर्यंत चढतो, पाठीवरची कडी खांद्यांच्या मधोमध न राहता खाली येते.

हुक कुठे अडकवायचा हे त्याहून महत्त्वाचं. नव्या माणसाला वाटतं, बांधलं की झालं. पण दोन मीटरचा दोर, धक्का शोषणाऱ्या पाकिटाचं उलगडणं, कडीपासून पायापर्यंतची उंची आणि शिवाय थोडी मोकळीक अशी बेरीज केली तर खाली सहा-साडेसहा मीटर मोकळी जागा लागू शकते. नेमका आकडा त्या दोराच्या माहितीपत्रकात असतो, तो जमिनीवर टेपने मोजून दाखवा. चार मीटर उंचीच्या परांचीवर पायाजवळ हुक लावणारा माणूस बांधलेला असूनही जमिनीवर आदळतो. तिथे हुक डोक्याच्या वर लावा, दोर आखूड घ्या किंवा सरळ कठडा बसवा.

एका बैठकीत एकच विषय, दहा मिनिटं, कामाच्या जागीच. चराचं शिकवायचं तर चराच्या काठावर उभं राहून: एक घनमीटर मातीचं वजन दीड टनाच्या आसपास जातं, म्हणून दीड मीटरहून खोल चरात आधार किंवा उतार नसेल तर उतरायचं नाही आणि काढलेली माती काठावर रचायची नाही. शिडीचं शिकवायचं तर शिडी लावून: चार हात उंचीला पायथा एक हात बाहेर, वर उतरायच्या जागेपुढे साधारण एक मीटर शिडी शिल्लक.

४. उन्हातले आणि भट्टीपुढचे पहिले चौदा दिवस

उष्माघाताने होणारे मृत्यू कामाच्या पहिल्या काही दिवसांतच जास्त घडतात. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, घामातून मीठ कमी जातं, हृदयावरचा ताण उतरतो. गरम देशातून आला म्हणून माणूस तयार असतो, हा समज घातक आहे. आठवडाभर काम सुटलं तरी सवय मोडू लागते. प्रवास, भरतीची वाट पाहणं आणि वातानुकूलित खोलीतले दिवस यात ती गेलेलीच असते.

अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेची पद्धत वापरायला सोपी आहे. अगदी नवा माणूस पहिल्या दिवशी उष्णतेत नेहमीच्या वेळेच्या २० टक्केच काम करेल, मग रोज २० टक्के वाढ. काम येणारा पण सुट्टीहून परतलेला माणूस असेल तर पहिल्या दिवशी ५०, मग ६०, ८० आणि चौथ्या दिवशी १०० टक्के. उरलेल्या वेळात सावलीतलं काम द्या आणि मजुरी पूर्ण द्या. मजुरी कापली तर ही पद्धत दुसऱ्या दिवशीच मोडते, कारण कामगारच म्हणेल, "मला सवय आहे."

पाणी दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर, म्हणजे साधारण २४० मिली. तहान लागायची वाट पाहायची नाही, आणि तासाला साधारण १.४ लिटरच्या वरही जायचं नाही, कारण अति पाण्याने रक्तातलं सोडियम घसरतं. पाणी आहे पण संडास अर्धा किलोमीटर दूर आहे, अशा ठिकाणी लोक, विशेषतः बायका, मुद्दाम पाणी टाळतात. तेव्हा पिंप मोजताना संडासाचं अंतरही मोजा. नगावर किंवा उक्त्याने काम असेल तर पाण्याला जाणं म्हणजे पैसे बुडणं. पाणी माणसापर्यंत न्या आणि विश्रांतीचा वेळ दरात धरा. उपास किंवा रोजा असेल तर जड काम पहाटे किंवा संध्याकाळनंतर लावा. ही बदली सर्वांसाठी खुली ठेवली की कोणाला धर्म सांगत बसावं लागत नाही.

नुसतं तापमान पाहू नका. दमट हवेत घाम वाळत नाही. म्हणून उष्णता, आर्द्रता, ऊन आणि वारा एकत्र धरणारा डब्ल्यूबीजीटी निर्देशांक मोजतात. कतारने २०२१ मध्ये हा निर्देशांक ३२.१ च्या वर गेला की उघड्यावरचं काम थांबवायचा नियम केला.

आणि एक गोष्ट, जी प्रथमोपचाराच्या जुन्या तक्त्यांत सापडत नाही. "त्वचा लाल होते", "ओठ निळे पडतात" ही लक्षणं गोऱ्या कातडीवरून लिहिलेली आहेत. गडद त्वचेवर लाली सहज दिसत नाही. निळसरपणा पाहायचा तर हिरड्या, जिभेखालचा भाग आणि नखांखालची जागा पाहा. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटरही गडद त्वचेवर प्राणवायूचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतो. उष्माघातात खरी खूण वागण्यात असते: असंबद्ध बोलणं, झोकांड्या, चिडचिड, आकडी. हे दिसलं की रुग्णवाहिका बोलवा आणि ती यायच्या आत गार करायला लागा. बर्फाच्या पाण्याची टाकी उत्तम. ती नसेल तर ओले कपडे, अंगावर भरपूर पाणी आणि पंखा. भाषा न कळणाऱ्याचं बोलणं असंबद्ध आहे हे तुम्हाला कसं कळणार? म्हणून नव्या माणसासोबत त्याच्या भाषेतला एक जोडीदार हवाच.

५. साधनं अंगाला बसली पाहिजेत, आणि फुकट मिळाली पाहिजेत

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या कराराचं कलम २१ सांगतं की सुरक्षेच्या उपायांचा खर्च कामगारावर पडता कामा नये. बुटांचे, हेल्मेटचे पैसे पगारातून कापणं इथेच संपतं. ठेकेदार ते गुपचूप कापतो का, हे पगाराच्या पावत्यांवरून तपासा.

एकाच मापाचे हातमोजे खरेदी करणं ही नेहमीची चूक. लहान हाताच्या बाईचे मोठे मोजे यंत्रात अडकतात, मग ती ते काढून ठेवते आणि ठपका तिच्यावर येतो. घट्ट बसणाऱ्या मास्कचंही तसंच. चेहऱ्यांची ठेवण वेगवेगळी असते, म्हणून दोन-तीन प्रकार ठेवून प्रत्येकाची फिट टेस्ट, म्हणजे मास्क चेहऱ्याला कडेने घट्ट बसतो का याची चाचणी, घ्या. दाढीवर असा मास्क बसतच नाही, कडेने हवा शिरते. धर्मामुळे दाढी ठेवणाऱ्याला "काढ नाहीतर जा" म्हणण्याआधी पंख्याने गाळलेली हवा देणारा सैल टोपीचा श्वसनसंच पाहा. महाग असतो, पण दाढीवर चालतो. पगडीच्या बाबतीत देशागणिक नियम वेगळे. ब्रिटनने शीख कामगारांना बांधकामावर १९८९ मध्ये आणि बहुतेक इतर कामांवर २०१५ मध्ये हेल्मेटमधून सूट दिली. अशी सूट असली तरी वरून वस्तू पडू नये यासाठी जाळी, टोबोर्ड (परांचीच्या कडेची आडवी फळी) आणि प्रवेशबंदी लावण्याची जबाबदारी तुमचीच राहते.

६. "थांबा" म्हणायची मुभा

त्याच १५५ क्रमांकाच्या कराराच्या कलम १३ नुसार, जिवाला तात्काळ आणि गंभीर धोका आहे असं मानायला वाजवी कारण असलेल्या कामगाराने काम सोडलं तर त्याला त्याचा त्रास होता कामा नये. भिंतीवर हे लिहून काही होत नाही. एक शब्द ठरवा जो सगळ्या भाषांत तोच राहील, आणि आवाजात ऐकू येणार नाही म्हणून सोबत एक खूण, उदाहरणार्थ दोन्ही मनगटं डोक्यावर फुली करून धरणं. सरावात सगळ्यात नव्या माणसाकडून साहेबाचं काम थांबवून घ्या. मग खरोखर कोणी पहिल्यांदा थांबवेल तेव्हा सगळी साईट तुमच्या चेहऱ्याकडे पाहत असेल. तो चुकीचा निघाला तरी आभार माना आणि थांबलेल्या वेळेची मजुरी द्या. नगावर काम असेल तर आदल्या आठवड्याच्या सरासरीने.

ही मुभा सगळ्यात जास्त लागते टाकी, मॅनहोल, सायलो (धान्याची किंवा सिमेंटची उंच कोठी) अशा बंदिस्त जागांत. हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली किंवा २३.५ च्या वर असेल तर उतरायचं नाही. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांचा वास जास्त प्रमाणात येतच नाही, कारण नाक बधिर होतं. कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. म्हणून गॅस डिटेक्टर आधी दोरीने वर, मध्ये आणि तळाशी सोडून मोजतात. नायॉशने १९८६ मध्ये नोंदवलं की अशा जागांतल्या मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक दुसऱ्याला वाचवायला उतरलेले होते. गावचा माणूस, भाऊ, खोलीतला सोबती आत कोसळला की माणूस विचार न करता उडी घेतो, आणि स्थलांतरितांच्या तुकड्या बहुधा नात्यागोत्याच्याच असतात. बाहेर तिपाई आणि दोर ओढणारा विंच तयार नसेल, आणि उतरणाऱ्याच्या हार्नेसला दोर नसेल तर उतरण्याचा परवाना देऊच नका.

७. तक्रारी येत नसतील तर काळजी करा

दोनशे माणसांच्या साईटवर सहा महिने एकही बोट कापलं नाही, असं नसतं. बोट कापलेलं असतं, रुमाल गुंडाळलेला असतो. "महिनाभर अपघात नाही तर सगळ्यांना बक्षीस" ही योजना असेल तर ती आजच बंद करा. ती अपघात लपवायला लावते, आणि ज्याची नोकरी सगळ्यात कच्ची तो सगळ्यात आधी लपवतो. बक्षीस द्यायचंच तर थोडक्यात टळलेला अपघात कळवणाऱ्याला द्या. तक्रार घेणारा माणूस मजुरी ठरवणारा नसावा, आणि बोलून केलेली, आवाजी संदेशावर पाठवलेली तक्रारही चालावी. जखमी माणसाची कागदपत्रं, व्हिसाची स्थिती तक्रारीच्या वेळी विचारू नका. उपचार आधी.

पासपोर्ट "सुरक्षित राहावा म्हणून" कपाटात ठेवलेला दिसला, मजुरी अडवलेली दिसली, किंवा भरतीच्या कर्जापोटी कापाकापी चाललेली दिसली तर तो केवळ पगाराचा विषय राहत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना सक्तीच्या श्रमाच्या ज्या ११ खुणा मानते त्यांत हे तिन्ही आहेत. पासपोर्ट परत द्या आणि हवं त्याला किल्लीसह कप्पा द्या. ज्याचा पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात आहे तो "थांबा" म्हणणार नाही. जातीवरून, वर्णावरून टोमणे मारणं हाही तक्रारींच्या वहीत नोंदवायचा विषय आहे. ज्याची थट्टा होते तो मदत मागत नाही, एकट्यानेच जड वजन उचलतो.

८. पळायचं कुठे, फोनवर बोलायचं काय

न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात २५ मार्च १९११ रोजी आग लागली. एक दार कुलूपबंद होतं. १४६ कामगार मेले, त्यांत बहुतेक इटालियन आणि ज्यू स्थलांतरित तरुणी होत्या. चोरीच्या संशयाने दारं बंद ठेवण्याची खोड गेलेली नाही, म्हणून प्रत्येक पाळीला सुटकेचं दार स्वतः ढकलून पाहा. रात्री कामगार झोपतात त्या खोल्यांचंही. तिथे शेगडी किंवा जनरेटर आत चालत असेल तर कार्बन मोनॉक्साइडने अख्खी खोली झोपेतच जाऊ शकते. ते बाहेर काढा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा.

ब्रिटनच्या मोरकम उपसागरात ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री शिंपले वेचणारे किमान २१ चिनी कामगार भरतीत बुडाले. त्यांना भरतीच्या वेळा कोणी सांगितल्या नव्हत्या, इंग्रजी येत नव्हतं, आणि मदतीसाठी केलेल्या फोनवर आपण कुठे आहोत हेही धड सांगता येत नव्हतं. त्याच वर्षी ब्रिटनने मजूर पुरवणाऱ्या ठेकेदारांना परवाना सक्तीचा करणारा कायदा केला.

तुमच्याकडे यासाठी खिशात मावेल असं कार्ड लागतं. एका बाजूला कामगाराच्या लिपीत आणि दुसऱ्या बाजूला स्थानिक भाषेचा उच्चार त्याच्या लिपीत: आणीबाणीचा क्रमांक, साईटचा पूर्ण पत्ता, फाटक क्रमांक, आणि तीन वाक्यं: "आग लागली आहे", "माणूस पडला आहे", "श्वास घेत नाही". वाचता न येणाऱ्याकडून पत्ता तोंडपाठ करून घ्या. सराव करताना हजेरी पहिल्या कामातल्या तक्त्यावरून घ्या, म्हणजे पोटठेकेदाराची माणसं मोजणीत येतील.

९. महिन्यातून एकदा पडताळा

रात्रपाळीला, आगाऊ न सांगता जा. मुकादम सोबत नको, दुभाषा हवा. पाच जण निवडा, त्यांतले दोन गेल्या पंधरवड्यात आलेले असू देत. प्रत्येकाला तीन गोष्टी करून दाखवायला सांगा: यंत्र बंद कसं करतोस, सुटकेचं दार कुठे आहे, "थांबा"ची खूण कोणती. मग विचारा, की गेल्या महिन्यात कोणाला काय लागलं. पाचांपैकी दोघांना जमलं नाही तर त्यांची नावं लिहू नका, विषय लिहा, आणि तो विषय त्याच आठवड्यात त्या पाळीला पुन्हा शिकवा. सगळ्यांनी "काहीच नाही लागलं" म्हटलं, तर त्यांच्या हातांकडे बघा.